बावीस की बत्तीस?

भुसावळहून नागपूरच्या दिशेला निघालात की वरणगाव लागतं. तिथला सरकारी कारखाना १९६४ पासूनचा. तिथे रायफलची काडतुसं बनतात, पण ती लष्करासाठी. जळगाव-धुळ्यातल्या लायसनवाल्याच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस येतं पुण्याजवळच्या खडकीहून, आणि ते असतं बत्तीस बोअरचं. बत्तीसच का? आणि नेमबाजीसाठी ते बरं का? आज हेच बघू.

बोअर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास. बत्तीस म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, साधारण आठ मिलिमीटर.

पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकाऱ्यांकडे .४५५ ची वेबली रिव्हॉल्व्हर असायची. गोळी सुमारे १७ ग्रॅमची, आणि हाताला बसणारा धक्का जबरदस्त. थोड्या सरावात त्यावर नेम बसवणं अवघड. म्हणून युद्धानंतर ब्रिटिश सैन्य अडतीस बोअरकडे वळलं, आणि १९३२ मध्ये एनफिल्ड रिव्हॉल्व्हर आली. गोळी १३ ग्रॅमची. विचार सरळ होता: लागलेली छोटी गोळी चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी.

मग आपल्याकडे अडतीस का नाही? कारण कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. सरकारी .३८० किंवा .४५५ काडतूस ज्यातून उडू शकेल, अशी रिव्हॉल्व्हर सामान्य माणसासाठी प्रतिबंधित झाली. उरलं बत्तीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याने तीच रिव्हॉल्व्हर बनवली. म्हणजे बत्तीस आपण नेमासाठी निवडलेलं नाही, ते कायद्याच्या चाळणीतून खाली उरलेलं आहे.

गंमत बघा, काडतूस मात्र नेमबाजीला एकदम चांगलं निघालं. स्मिथ अँड वेसनचं हे काडतूस १८९६ चं. धक्का कमी. परदेशी सेंटर फायर टार्गेट पिस्तुलांत आजही तेच चालतं. त्यात सपाट तोंडाची गोळी वापरतात, ती कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. याच सेंटर फायर प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण घेऊन सुवर्ण जिंकलं.

अडचण आहे ती आखूड नळीची. हिशेब करा. पुढची माशी आणि मागची खाच यांत १२ सेंटिमीटर अंतर धरा. माशी एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ २१ सेंटिमीटर चुकते. तेच अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर चूक साधारण ११ वर येते. खिशात मावणारी रिव्हॉल्व्हर इथेच मार खाते.

आणि बावीस? गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नावालाच, काडतूस स्वस्त. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धा बावीसवरच होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेही बावीसवरच.

तर माझं उत्तर असं: नेम शिकायचा असेल तर बावीस, तेही क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर. त्याआधी १० मीटर एअर पिस्तुलावर हात बसवा. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून मिरवायची हौस असेल, तर तो नेमबाजीचा विषयच नाही. भेटू पुढच्या भागात!