भोयांचा खांदा

परळचा भोईवाडा आज केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या वर्दळीत लपून जातो. पण नावात भोयांची वस्ती शिल्लक आहे. पालखी वाहणाऱ्याला मराठीत भोई, उर्दूत कहार. दोन्ही भाषा शिकवताना मला प्रश्न पडतो: पालखी खांद्यावरच का?

उत्तर तरफेत आहे. इटलीच्या बोरेल्लीने हाडांना तरफा मानून स्नायूंच्या बळाचा हिशेब मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये रोमला छापला गेला. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू तिथून साधारण ५ सेंटिमीटरवर जोडलेला, तर तळहातावरचे ओझे ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून १० किलो पेलायला स्नायूला सातपट, ७० किलोंचा जोर लागतो. ही तरफ बळ वाचवत नाही. हाताला वेग देते.

खांद्यावर दांडी घेतली की ओझे कण्यातून, पायांतून थेट जमिनीत उतरते. हात फक्त तोल सांभाळतो. माथ्यावर ओझे घेणारा माथाडीही हेच करतो. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, तरी अशा कामाला आपण 'अकुशल' म्हणतो. बोरेल्लीने जे गणिताने मांडले, ते भोई रोज खांद्याने करत होता. त्याला पालखीत बसण्याचा मान नव्हता, एवढेच. अक्कल नव्हती असे नाही. वर्गात तरफ शिकवताना कात्रीबरोबर भोयाचा खांदाही दाखवायला हवा.