बुद्धिबळातील खेळाची गती

बुद्धिबळाच्या डावाची गती दोन गोष्टींवर अवलंबून असते : मोहऱ्यांच्या चालींचे नियम आणि विचारासाठी मिळणारा वेळ. महाराष्ट्रात प्रथम नियम पालटले व नंतर घड्याळ आले.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात चतुरंगाचे वर्णन आढळते. मूळच्या पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीळकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात नीतिमयूखात या खेळाची माहिती दिली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी विलासमणिमंजरी हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे यूरोपीय पद्धतीस अनुसरून केलेले इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. दोन पद्धतींचा संपर्क यावरून स्पष्ट होतो.

देशी पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसलेला नसल्यास राजास एकदा घोड्याची उडी घेता येई. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. हा विलंब टाळण्यासाठी अनेक ठिकाणी आरंभीच्या काही खेळ्या सलग करून घेण्याची प्रथा होती. अखेरीचा खेळही संथ असे. प्रतिपक्षाचा केवळ राजा उरल्यास बुर्जी होई व विजय पूर्ण मानला जात नसे. म्हणून जिंकणारा खेळाडू शेवटचे मोहरे मारण्याचे टाळून मात रचीत असे. यूरोपीय पद्धतीत प्याद्याच्या पहिल्या दोन घरांच्या चालीमुळे संघर्ष लवकर सुरू होतो. मात्र प्रारंभीच्या खेळ्यांचा अभ्यास आवश्यक ठरतो. देशी पद्धतीत तयार झालेले मीर सुलतान खान १९२९ मध्ये ब्रिटिश विजेते झाले, तेव्हाही प्रारंभ हाच त्यांचा दुबळा भाग मानला जाई.

कालमर्यादेचा उगम मात्र यूरोपात झाला. १८५१ च्या लंडन स्पर्धेत वेळेचे बंधन नव्हते. हॉवर्ड स्टाँटन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या संथपणाविषयी तक्रार केली. १८६१ च्या सुमारास वाळूची घड्याळे व १८८३ मध्ये लंडन येथे जोडघड्याळ वापरात आले. प्रत्येक खेळीनंतर काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे एकस्व बॉबी फिशर यांना १९८९ मध्ये मिळाले.

भारतात १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे हे महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले.

नाशिकचे विदित गुजराथी (ग्रँडमास्टर २०१३) यांच्या कारकीर्दीत दोन्ही गतींचे दर्शन घडते. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतास रशियासह संयुक्त सुवर्णपदक मिळाले. तेथे प्रत्येकास पंधरा मिनिटे व प्रत्येक खेळीस पाच जादा सेकंद होते. २०२४ मध्ये टोराँटो येथील आव्हानवीर स्पर्धेत मात्र पहिल्या चाळीस खेळ्यांस दोन तास होते. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जलद डावांतच जिंकला.

अल्प वेळेत स्मरण व सराव यांना महत्त्व येते, तर दीर्घ वेळेत नवी कल्पना पारखून पाहता येते. घड्याळामुळे निव्वळ विलंबाने प्रतिपक्षास थकविण्याचा मार्ग बंद झाला. तथापि सरस स्थितीतही वेळ संपल्याने हरण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून वेळेचा हिशेब हा आज खेळाडूच्या कौशल्याचाच एक भाग मानला जातो.