घास अडतो तेव्हा

राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरण सापडले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ग्वाल्हेरीत माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत जयारोग्य रुग्णालय उभे राहिले. १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाची त्याला जोड मिळाली. घास अडू लागलेल्या रुग्णाला बेरियमचे पांढरे पेय पाजून क्ष-किरणांनी पाहिले, की अन्ननलिका कोठे अरुंद झाली ते कळे. रोग किती पसरला, हे मात्र त्या छायेत दिसत नसे. अन्ननलिकेस बाहेरचे वेष्टन नसल्याने कर्करोग शेजारी लवकर शिरतो. टोरेक यांनी १९१३ साली न्यूयॉर्क येथे छाती उघडून ती काढली, आणि रुग्ण स्त्री पुढे कित्येक वर्षे जगली. परंतु अनेकांच्या बाबतीत छाती उघडल्यावरच शस्त्रक्रिया व्यर्थ असल्याचे उमगे. केवढी ही किंमत!

हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ पासून शरीराचे काप दिसू लागले. कर्कपेशी साखरेच्या हावऱ्या असतात, हे वारबुर्ग यांनी त्यापूर्वीच दाखविले होते. किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर टोचली, की दूरची गाठही उजळते. ही दोन्ही चित्रे एकत्र घेणारे यंत्र १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे सिद्ध झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ते २००४ साली आले. आता पुष्कळदा शस्त्र उचलण्यापूर्वीच निर्णय होतो.

अडचण त्या साखरेची. तिचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. दिल्लीहून ग्वाल्हेरीस आणताना साडेपाच तास लागले, तर उरतो अष्टमांश. एरवी ज्याला पाणीही गिळवत नाही, त्यानेच दिल्ली गाठावयाची.