एम-सील, ॲराल्डाइट की स्टील पुट्टी? वर्कशॉपमध्ये कुठे काय लावायचं

बोईसरमध्ये पंपदुरुस्ती करताना मला रोज एकच प्रश्न ऐकू येतो: "गळतंय, काय लावू?" पाकिटावरचा ताकदीचा आकडा बघून याचं उत्तर मिळत नाही. आधी तीन गोष्टी बघा: भाग किती तापतो, आतून काय वाहतं आणि जागा पूर्ण कोरडी करता येते का.

तीन प्रकार

मळायची पुट्टी (उदा. एम-सील): दोन गोळे समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे, रेघ दिसता कामा नये. पाण्याची टाकी, पाइपचा जोड, भोक बुजवणं यासाठी स्वस्त आणि मस्त. सतत हादरणाऱ्या भागावर मात्र तडकते.

पातळ चिकटवणारं (उदा. ॲराल्डाइट): घट्ट बसणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर द्यायचा. मोठी फट भरायला नाही, उभ्या जागी ओघळतं. घाई नसेल तर पाच मिनिटांवालं टाळा. सावकाश सुकणारं साधारणपणे जास्त टिकतं.

धातूची भुकटी मिसळलेलं (उदा. डेव्हकॉन प्लॅस्टिक स्टील, जे-बी वेल्ड): झिजलेला शाफ्ट, खड्डे पडलेलं केसिंग यासाठी. सुकल्यावर कानस, ड्रिल, लेथ सगळं चालतं. महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका.

माप

डेव्हकॉनच्या स्टील पुट्टी 'ए'चं प्रमाण वजनाने ९:१ आहे, पण आकारमानाने २.५:१. चमच्याने मोजून ९:१ केलंत, तर हार्डनर कमी पडतो आणि माल आतून कच्चा राहतो. छोटा वजनकाटा घ्याच. एकदम मोठा गोळा कालवू नका, तो स्वतःच्या उष्णतेने तापून हातातच आवळतो.

उष्णता आणि केमिकल

साधं इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. पाणी, डिझेल, तेल चालतं. तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल आणि फार्मा युनिटमध्ये मात्र ॲसिटोन, एमडीसी, तीव्र नायट्रिक किंवा सल्फ्युरिक ॲसिड असेल, तर साधं इपॉक्सी लावूच नका. उत्पादकाचा केमिकल रेझिस्टन्स तक्ता बघा, नोव्होलॅक प्रकार विचारा.

माझी चूक

एका जुलैत, सौम्य ॲसिडच्या पंपाच्या केसिंगला घाम आलेला असताना मी नुसतं कापडाने पुसून पुट्टी लावली. वरून दगडासारखी झाली. तिसऱ्या दिवशी अख्खी खपली सुटली. समोरच्या फिटरच्या डोळ्यांवर गॉगल होता म्हणून डोळे वाचले, मनगट भाजलंच. खपलीखालचं लोखंड गुळगुळीत होतं, एक ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: लाइन बंद करून रिकामी करा, धुवा, ॲसिटोनने तेल काढा, जागा खरखरीत होईपर्यंत ग्राइंडर मारा, पुन्हा पुसा, हॉट एअर गनने वाळवा आणि लगेच लावा. पावसाळ्यात तासाभरातच गंज धरतो. पहिल्या थरावर चिकट पापुद्रा आला, तर कोमट पाण्याने धुऊन घासल्याशिवाय दुसरा थर नको. हातमोजे कायम घाला, एकदा त्वचेला ॲलर्जी जडली की सहसा जात नाही.

कधीच नाही

स्टीम लाइन, प्रेशर व्हेसल, गॅस सिलिंडर, क्रेनचा हुक. इतर ठिकाणीही केमिकलच्या लाइनवरचं इपॉक्सी पुढच्या शटडाऊनपर्यंतची सोय समजा. पॅच कुठे मारलाय ते लॉगबुकमध्ये तारखेसह लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला कळेल.