खुराक आणि मेहनत

तालमीत उतरणाऱ्या पोराला दूध-बदामाचा खुराक द्यावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल. मेहनतीला खुराक हवा हे आपणांस कोणा पंडिताने शिकविले नाही. परंतु तो स्नायूला नेमके देतो काय, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद माजला. त्याची हकीकत आज पाहू.

१८३२ साली शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने मांसाच्या अर्कातून ‘क्रिएटिन’ वेगळे काढले. पुढे १८४७ साली जर्मनीच्या लीबिखने नोंदविले, की पाठलाग करून मारलेल्या कोल्ह्याच्या मांसात हे द्रव्य बांधून पोसलेल्या कोल्ह्याच्या दसपट असते. निरीक्षण मोठे मार्मिक! पण याच लीबिखचे मत असे, की श्रम करताना स्नायूतील प्रथिनच खर्ची पडते. ते मांस खाऊन भरून काढले पाहिजे. त्याच्या नावाचा मांसार्क १८६५ पासून उरुग्वेतील कारखान्यातून जगभर खपू लागला. गंमत अशी, की ज्या प्रथिनाचा एवढा महिमा, ते त्या बरणीत फारसे नव्हतेच.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला झुरिचचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनस, फाउलहॉर्न पर्वत चढले. उंची सुमारे १,९५० मीटर. खाण्यास पिठूळ सत्त्वाच्या तळलेल्या वड्या. प्रथिन जवळजवळ वर्ज्य. वाटेत दोघांनी आपापले मूत्र जपून ठेवले. त्यातील नायट्रोजनावरून खर्ची पडलेले प्रथिन मोजता येते. पुढल्या वर्षी फ्रँकलंडने हिशेब पुरा केला: तेवढ्या प्रथिनाची उष्णता नुसता देह वर उचलण्यासही पुरत नव्हती. मग प्रथिन हे सरपण नव्हे, बांधकामाची वीट ठरले.

क्रिएटिनला मात्र दीडशे वर्षे वाट पाहावी लागली. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हुल्टमन यांनी माणसांना काही दिवस ते खाऊ घातले. स्नायूतील साठा वाढला. काहींना एकाच पायाने व्यायाम करावयास लावले होते. खुराक दोन्ही पायांना एकच. पण राबणाऱ्या पायाने अधिक साठविले. लीबिखचा कोल्हा येथे पुन्हा भेटतो.

प्रथिनाच्या पुरवणीचे काय? २०१८ साली ४९ प्रयोगांतील १,८६३ माणसांचा एकत्र हिशेब झाला. वजने उचलणाऱ्यांच्या चरबीविरहित वजनात पुरवणीने भर पडली, ती सरासरी ३०० ग्रॅम. शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या पलीकडे जादा लाभ दिसला नाही. साठ किलोच्या गड्यास हे ९६ ग्रॅम होतात. एक लिटर गाईच्या दुधात सुमारे ३२ ग्रॅम येतात. उरलेले डाळ, हरभरे, अंडी, मासळी यांतून भरता येतात. महागडा डबा घेण्यापूर्वी घरच्या ताटाचा हा हिशेब करून पाहावा.