एका दिवसाचे आयुष्य, ऐंशी वर्षांची चूक

आम्ही शाळेत असताना प्रजननाचा धडा शिक्षकांनी 'घरी वाचा' असे सांगून ओलांडला. घरी वाचून जे समजले ते एवढेच : अंड्याचे फलन झाले नाही, की ते रक्ताबरोबर बाहेर पडते आणि तीच पाळी. पुढे कितीतरी शिकल्यासवरल्या स्त्री-पुरुषांकडून हेच ऐकले. समजूत सोपी आहे, पण चुकीची आहे. ती एकट्या आपलीही नाही. एकोणिसाव्या शतकातले नामांकित वैद्यकतज्ज्ञही पाळी आणि अंडे यांची अशीच गाठ मारून बसले होते, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

अंड्याचा शोधच मुळी उशिरा लागला. १६७२ मध्ये डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफने अंडाशयातल्या पुटिकांचे बारकाईने वर्णन केले, पण त्या पुटिकांनाच तो अंडी समजला. खरे अंडे त्या पुटिकेच्या आत असते. सस्तन प्राण्याचे ते अंडे कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरने १८२७ मध्ये पाहिले, तेही एका कुत्रीच्या अंडाशयात. मानवी अंड्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा असतो. एवढी बारीक गोष्ट कधी सुटते आणि कुठे जाते, हे नुसत्या डोळ्यांनी कळणे शक्य नव्हते.

मग अंदाज सुरू झाले. १८४३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बिशॉफने दाखवून दिले, की कुत्रीचे अंडे समागमाची वाट न पाहता माजाच्या काळात आपोआप सुटते. निरीक्षण अचूक होते. पण कुत्रीला माजावर येताना रक्तस्राव होतो, स्त्रीला पाळीत होतो. तेव्हा पाळी म्हणजे स्त्रीचा माज आणि अंडे सुटण्याची वेळही तीच, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दोन्हीकडे दिसणारे रक्त सारखे, म्हणून कारणही सारखे मानले गेले. वास्तविक कुत्रीचा स्राव अंडे सुटण्याआधीचा आणि स्त्रीचा अंडे मेल्यानंतरचा.

या निष्कर्षावरून डॉक्टर दांपत्यांना सल्ला देऊ लागले : पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो, महिन्याच्या मधले दिवस निर्धास्त. ज्या दिवसांत गर्भधारणेची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तेच दिवस सुरक्षित ठरले. बाळंतपणात बायका मरत होत्या त्या काळातला हा सल्ला आहे. तो प्रामाणिकपणे पाळणाऱ्या घरात दिवस गेले, तर दोष अर्थातच हिशेब ठेवणाऱ्या बाईवर जात असणार.

उलगडा झाला तो मोजणीची दिशा बदलल्यावर. तोवर सगळे पाळीपासून पुढे मोजत होते. आपल्याकडे मनुस्मृतीतल्या ऋतूच्या सोळा रात्रीही तशाच मोजलेल्या आहेत. जपानमधल्या निगाता येथील स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकु ओगिनो शस्त्रक्रियांच्या वेळी स्त्रियांची अंडाशये तपासत आणि त्यांच्या पाळ्यांच्या तारखांशी ताडून पाहत. १९२४ मध्ये त्यांनी मांडले, की अंडे सुटते ते *पुढच्या* पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला पोचले. १९२८ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अंडवाहिन्या धुऊन त्यातून मानवी अंडी मिळवली. तीही पाळीच्या दिवसांत नव्हे, तर दोन पाळ्यांच्या मधल्या काळात. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले ते १९२१ मध्ये, म्हणजे ओगिनोंच्या निबंधाच्याही तीन वर्षे आधी. हे ध्यानात घेतले, की त्या काळी या विषयात काम करणे किती अंधारात चालणे होते ते कळते.

मग न फळलेल्या अंड्याचे होते काय? अंडाशयातून सुटल्यावर अंडवाहिनीची झालरीसारखी कड त्याला आत ओढून घेते. तिथे ते शुक्रपेशीची वाट पाहते. त्याचे शेवटचे विभाजनही तोवर अर्धवट थांबलेले असते. ही प्रतीक्षा साधारण १२ ते २४ तासांची. शुक्रपेशी पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, अंडे मात्र एका दिवसाचे धनी. कोणी आले नाही, तर ते निकामी होते, विरघळू लागते आणि शरीरातच जिरून जाते. त्याचा मृत्यू बाईला जाणवतही नाही.

पाळी येते ती मागे उरलेल्या पुटिकेमुळे. तिचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवून गर्भाशयाचे अस्तर सांभाळतो. गर्भाची चाहूल लागली नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत तो सुकतो. प्रोजेस्टेरॉन घटते, अस्तर गळते. रक्त येते ते त्या अस्तराचे. अंडे तर केव्हाच संपलेले असते.

हे कळूनही अडचण सुटली नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बंगळूरजवळचे रामनगरम आणि दिल्लीची लोदी कॉलनी येथे सुरक्षित काळाचे प्रयोग झाले. स्त्रियांना मण्यांच्या माळा दिल्या : हिरवे मणी सुरक्षित दिवसांचे, लाल मणी धोक्याचे. रोज एक मणी सरकवायचा. प्रयोग रुजला नाही. कारणे अनेक होती, पण एक मुळातच होते. अंडे सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीवरून मागे मोजावा लागतो, आणि ती पाळी अजून आलेलीच नसते. माळेचा आधार मागच्या पाळ्यांचा. आजारपण, उपासमार, मनस्ताप यांनी पाळी लांबली, की हिरव्या मण्याचा भरवसा संपला.

म्हणून तो शाळेतला धडा आज कोणी वर्गात मोठ्याने वाचणार असेल, तर त्यात एवढे स्पष्ट असावे : न फळलेले अंडे एका दिवसात शरीरातच संपते, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. आणि हे मुलांनाही मुलींसोबतच बसवून सांगावे. चुकलेल्या हिशेबाचा भार आजवर फार एकतर्फी वाहिला गेला आहे.