रिमोट दाबला तरी गाडी उघडत का नाही?

सांगलीत विश्रामबागला गाडी लावलीये, रिमोटचा दिवा लागतोय, पण दार ढिम्म. बहुतेक वेळा सेल उतरलेला असतो. ३ व्होल्टचा चपटा सीआर२०३२ बदलला की काम होतं. (दिव्यावर जाऊ नका, तो अर्धमेल्या सेलवरही लागतो.) नवा सेल घालूनही उघडेना, तर मात्र थोडं इतिहासात जावं लागतं.

सुरुवातीचे रिमोट दरवेळी तोच कोड पाठवायचे. चोरानं जवळपास थांबून तो टिपला की झालं! १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत यावर 'कीलॉक' हा उपाय निघाला. प्रत्येक वेळी बटण दाबलं की रिमोटमधला आकडा एकने वाढतो आणि ६४ बिटांच्या गुप्त किल्लीनं सांकेतिक होऊन जातो. गाडीही शेवटचा आकडा लक्षात ठेवते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिपनं हे तंत्र विकत घेतलं.

आता घरात पोरानं रिमोट खेळणं समजून पन्नासदा दाबला तर? कीलॉकच्या नेहमीच्या रचनेत पुढचे १६ आकडेच निमूट चालतात. त्यापलीकडे गेलात की एका दाबण्यानं काही होत नाही, मात्र लागोपाठचे दोन कोड क्रमानं मिळाले की गाडी पुन्हा जुळवून घेते. सगळ्या कंपन्यांची पद्धत एकच नाही, पण 'अख्खा सेट बदला' हे ऐकण्याआधी गाडीजवळ जाऊन दोन-तीनदा दाबून बघा.

२००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते हे मोजून ती गुप्त किल्लीच काढून दाखवली. दारात अडकलेल्याला त्याचा काय उपयोग म्हणा! त्याच्यासाठी बऱ्याच रिमोटच्या पोटात साधी धातूची चावी असतेच.